पंचविसाव्या दिवशी कापायचा देठ

कावसजी हा बैल हाकणारा मराठी गडी. १७९२ च्या लढाईत इंग्रजी फौजेबरोबर असताना तो टिपूच्या हाती सापडला आणि नाक व एक हात गमावून बसला. वर्षभर तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवं नाक लावून दिलं. हा माणूस विटा पाडणाऱ्या जातीतला. त्याचं नाव टिपून ठेवावंसं कुणाला वाटलं नाही. हकिकत मात्र १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली आणि ती वाचून पुढे १८१४ मध्ये सर्जन जोसेफ कार्प्यू यांनी लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली.

रीत अशी. मेणाच्या पातळ पत्र्याचं नाक घडवायचं, ते सपाट करून कपाळावर ठेवायचं आणि कडेने रेघ मारायची. तेवढी कातडी सोडवायची, पण दोन डोळ्यांच्या मधे एक चिंचोळी पट्टी जोडलेली ठेवायची. कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणायची, नाकाच्या खुंटाभोवती घेतलेल्या ताज्या चिरेत तिची कड बसवायची. सांध्यावर ओल्या काताच्या चिंध्या. (हो, विड्यातलाच कात.) चार दिवसांनी तुपात भिजवलेली फडकी. सुमारे पंचविसाव्या दिवशी ती पट्टी कापायची.

अशा वेळी सुश्रुताचं नाव हमखास निघतं. पण सुश्रुतसंहितेतली कातडी गालाची आहे, कपाळाची नव्हे.

मला विचाराल तर खरी अक्कल त्या पट्टीत, म्हणजे देठात आहे. भुवईच्या आतल्या टोकापाशी एक बारीक धमनी वर कपाळावर चढते. देठातून तिचं रक्त मिळत राहतं, म्हणून कातडी जागा बदलूनही जगते. दरम्यान नव्या जागी काम सुरू होतं. प्राणवायू कमी पडला की पेशी रासायनिक हाका मारतात आणि आसपासच्या केशवाहिन्यांना कोंब फुटून ते कातडीत शिरतात. दोन-तीन आठवड्यांत नाक स्वतःचं रक्त स्वतः मिळवू लागतं. आजचे सर्जनही देठ साधारण तीन आठवड्यांनीच कापतात.

तीन आठवडे चेहऱ्यावर कातडीची सोंड घेऊन वावरणं सोपं नाही. म्हणून संशोधकांचा प्रश्न असा, की देठ आधी कापता येईल का? त्यासाठी इंडोसायनिन ग्रीन नावाचा हिरवा रंग शिरेतून देतात, देठ चिमट्यात दाबून धरतात आणि अवरक्त प्रकाश टिपणारा कॅमेरा नाकावर रोखतात. रक्त पोहोचतंय तो भाग पडद्यावर उजळतो, उपाशी भाग काळा राहतो. काही रुग्णांत देठ दाबलेला असूनही दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच नाकाचा शेंडा उजळलेला दिसतो. धूम्रपान करणाऱ्यांच्या बाबतीत मात्र घाई नडते, कारण निकोटीनने बारीक धमन्या आवळतात.

आणि कपाळ ठेंगणं असेल, कातडी केसांच्या रेषेपलीकडून घ्यावी लागली, तर नव्या नाकाच्या शेंड्यावर डोक्याचे केस उगवतात. ते काढावे लागतात.