लसीतलं ॲल्युमिनियम: विष की मदतनीस?

‘लसीत ॲल्युमिनियम घालतात, म्हणजे विषच टोचतात’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. त्यातला अर्धा भाग खरा आहे, म्हणूनच तो पटतो.

काही लसींत ॲल्युमिनियमचे क्षार असतात. भांड्याचा धातू नव्हे. या लसींत सहसा जंतूचा एखादा तुकडा किंवा निष्प्रभ केलेलं जंतुविष असतं. तेवढ्याने प्रतिकारयंत्रणा फारशी हलत नाही. क्षाराच्या कणांना तो तुकडा चिकटतो, टोचल्या जागी थोडा दाह होतो, पहारेकरी पेशी धावून येतात, तुकडा गिळतात आणि जवळच्या लसिकाग्रंथीत (प्रतिकारपेशी जमतात त्या गाठीत) नेऊन इतर पेशींना दाखवतात. दंडाचा ठणका बराचसा या धावपळीचाच.

प्रमाण? एका डोसात साधारण 1 मिलिग्रॅमहून कमी. अन्नातूनही रोज काही मिलिग्रॅम पोटात जातं, पण त्यातलं फारच थोडं रक्तात उतरतं. म्हणून लसीची अन्नाशी तुलना मी करणार नाही. रक्तात आलेलं बहुतेक मूत्रपिंडं बाहेर टाकतात, आणि हे क्षार गेली कित्येक दशकं वापरात आहेत.

पडताळायचं तर लसीची माहितीपत्रिका वाचा. धनुर्वाताच्या लसीत क्षाराचं नाव सहसा सापडेल. गोवराच्या लसीत नाही, कारण तिथला जिवंत, दुबळा केलेला विषाणू स्वतःच यंत्रणेला जागं करतो.