क्रीमचा थंडावा मोजायचा कसा?

कोल्ड क्रीम हे नाव इतके अंगवळणी पडले आहे की त्यातल्या ‘कोल्ड’कडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील वैद्य गेलेन याच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या जुन्या कृतीत मेण, ऑलिव्ह तेल आणि गुलाबपाणी एकत्र घोटलेले असे. हे मिश्रण फारसे टिकाऊ नव्हते. त्वचेवर चोळताच ते फुटे, त्यातले पाणी उडून जाई आणि अंगाला गार लागे.

तो गारवा किती, हा प्रश्न सोपा वाटतो, पण तिथेच पहिली अडचण येते. ‘थंडावा’ या एकाच शब्दात आपण दोन गोष्टी कोंबतो. त्वचेचे तापमान खरोखर उतरणे ही एक आणि त्वचा गार झाल्यासारखे वाटणे ही दुसरी. दोन्ही खऱ्या आहेत आणि दोन्ही मोजता येतात, मात्र त्यांची मोजमापे वेगळी असतात.

आधी खऱ्या उताराचा हिशेब पाहू. प्रयोगात दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावले आणि त्यात ७० टक्के पाणी असले, तर त्वचेच्या तेवढ्या तुकड्यावर १.४ मिलिग्रॅम पाणी येते. त्वचेच्या तापमानाला १ मिलिग्रॅम पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे २.४ ज्यूल उष्णता लागते. म्हणजे एकूण ३.४ ज्यूलच्या आसपास. हे सगळे पाणी १० मिनिटांत उडाले असे धरले, तर उष्णता जाण्याचा सरासरी वेग चौरस मीटरला ५६ वॅट भरतो. स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीरही दर चौरस मीटरमागे जवळपास तेवढीच उष्णता बाहेर टाकत असते, म्हणजे क्रीम लावलेल्या जागेपुरता हा वेग सुमारे दुप्पट होतो. उलट बाजूने रक्तप्रवाह त्या जागेला ऊब पुरवत राहतो, त्यामुळे प्रत्यक्ष उतार एक ते तीन अंशांपलीकडे जाईल अशी अपेक्षा धरता येत नाही.

याच हिशेबातून फ्रिजमध्ये ठेवलेल्या क्रीमची गंमतही उलगडते. ५ अंशांचे तेवढेच क्रीम ३२ अंशांच्या त्वचेवर पसरले, तर ते ऊन होईपर्यंत जेमतेम ०.२ ज्यूल उष्णता शोषते. पहिल्या क्षणी शिरशिरी येते, पण खरे काम पुढे बाष्पीभवनच करते.

आता प्रत्यक्ष मोजणीकडे वळू. माणसाला २० ते २२ अंशांच्या, वाऱ्याचा झोत नसलेल्या खोलीत अर्धा तास स्वस्थ बसवतात. हात टेबलावर उताणा ठेवून कोपर आणि मनगट यांच्यामधल्या भागावर पेनाने चौकोन आखतात, एका चौकोनात सुईविरहित सिरिंजने मोजून क्रीम घालतात आणि हातमोजा घातलेल्या बोटाने ते पसरतात. शेजारचा चौकोन कोराच ठेवतात, मात्र त्यावरूनही बोट तितक्याच वेळा फिरवतात, कारण चोळण्यानेही त्वचा तापते. दार उघडल्याने आलेली झुळूकसुद्धा आलेखावर उमटते.

त्वचेला थर्मिस्टर, म्हणजे तापमान मोजणारा छोटा संवेदक, चिकटवला तर तो नेमक्या त्याच जागेचे बाष्पीभवन झाकून टाकतो. जे मोजायचे तेच बिघडते. म्हणून स्पर्श न करणारा अवरक्त (इन्फ्रारेड) कॅमेरा बरा. त्याच्या पडद्यावर क्रीमचा चौकोन काही सेकंदांत गडद निळा होतो. अशा कॅमेऱ्याचा आकडा दोन अंशांनी चुकू शकतो, पण शेजारच्या दोन जागांमधला ०.०५ अंशाचा फरकही तो टिपतो. कोरा चौकोन हवा तो यासाठीच. माझ्या मते या पद्धतीतली सर्वांत दुर्लक्षिली जाणारी मेख निराळीच आहे. क्रीमचा थर साधारण २० मायक्रोमीटर जाडीचा असतो आणि त्यातले पाणी अवरक्त किरण बहुतांशी अडवते, म्हणून कॅमेऱ्याला दिसते ते मुख्यतः क्रीमचे तापमान. थंडी ओळखणारी मज्जातंतूंची टोके त्याच्या खाली, एक-दोन दशांश मिलिमीटर खोल असतात.

मेन्थॉलचा मामला याहून निराळा. ते थेट या टोकांवरच काम करते. तिथे टीआरपीएम८ नावाचे प्रथिन असते. त्वचा साधारण २६ अंशांखाली उतरली की त्याची वाट उघडते आणि मेंदूला ‘गार’ असा निरोप जातो. मेन्थॉल हा उंबरठा वर सरकवते, त्यामुळे ३२ अंशांची त्वचाही गार असल्याची वर्दी देते. या प्रथिनाचा शोध २००२ मध्ये दोन प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे लावला. त्यांचे प्रमुख डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांना तापमान व स्पर्श जाणणाऱ्या रिसेप्टर प्रथिनांवरील संशोधनासाठी २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ही जाणीव मोजायला माणसालाच उपकरण करावे लागते. ‘अजिबात गार नाही’पासून ‘अतिशय गार’पर्यंतच्या रेषेवर तो दर मिनिटाला खूण करतो. कोणत्या हाताला काय लावले हे त्याला सांगत नाहीत, आणि वासाचाही बंदोबस्त करावा लागतो, कारण पुदिन्याचा नुसता वास आला तरी गारव्याची अपेक्षा तयार होते.

अखेर दोन्ही नोंदी एकाच आलेखावर मांडतात. साध्या पाणीदार जेलमध्ये तापमान उतरते तसा गारवा जाणवतो आणि पाणी संपले की दोन्ही रेषा परत मूळ जागी येऊ लागतात. मेन्थॉलच्या क्रीममध्ये तापमानाची रेषा परतते, पण जाणिवेची रेषा वरच रेंगाळते. अशा क्रीमच्या डबीवर ‘दीर्घकाळ थंडावा’ असे छापलेले असेल, तर तो बहुधा या दुसऱ्या रेषेचा असतो.