रसिकसमूहांतील अभिव्यक्तीच्या मर्यादा : गोवा

एखादा कलावंत, नाट्यप्रकार, खेळाडू किंवा संघ यांच्याभोवती जमलेले चाहते टीका करतात, नकला व विडंबने करतात, ध्वनिमुद्रणे जमवतात आणि आपसांत भांडतात. या सर्वांना कायद्याने व समूहाच्या रीतीने पडणाऱ्या मर्यादांचा विचार येथे केला आहे. ‘रसिकसमूह’ ही संज्ञा सैल आहे. जत्रेतील मराठी नाटकाचा प्रेक्षक, बैठकीचा श्रोता, तियात्र (कोंकणी संगीतनाट्य) न चुकवणारा दक्षिण गोव्यातील सासष्टीकर आणि मडगावजवळ फातोर्ड्याच्या मैदानात घसा बसेपर्यंत ओरडणारा फुटबॉलवेडा हे सगळे तीत येतात.

पोर्तुगालमध्ये १९१० साली प्रजासत्ताक आल्यावर गोव्यातील वृत्तपत्रांना काही काळ मोकळीक मिळाली. २८ मे १९२६ च्या लष्करी उठावानंतर ती आटत गेली आणि ११ एप्रिल १९३३ च्या हुकूमनाम्याने छापण्यापूर्वीची तपासणी रीतसर झाली. तियात्राच्या संहिताही प्रयोगापूर्वी अधिकाऱ्यांकडून मंजूर करून घ्याव्या लागत. कांतारातून, म्हणजे तियात्रातल्या गाण्यातून, नाव न घेता टोला हाणण्याच्या सवयीचे मूळ म्हणूनच पुष्कळदा या सेन्सॉरमध्ये शोधले जाते. हे स्पष्टीकरण सोयीचे आहे, पण पुरेसे वाटत नाही. तियात्राचा पहिला प्रयोग १७ एप्रिल १८९२ रोजी झाला, तो गोव्यात नव्हे, मुंबईत. तेथे लिस्बनचा हुकूम चालत नव्हता. चालत होता तो १८७६ चा ब्रिटिश नाट्यप्रयोग कायदा. शिवाय जागर या गोव्यातील लोकनाट्यातील सोंगे आणि शिगम्यातील थट्टा यांतही गावातल्याच कोणाला तरी आडून चिमटा काढलेला असतो, आणि ज्याला तो बसायचा त्याला बरोबर बसतो. एवढ्याशा गावात उघड नाव घेतले की दुसऱ्या दिवशी त्याच माणसाशी पाणवठ्यावर गाठ पडणार, हे भय सेन्सॉरहून जुने असावे. सेन्सॉरने या रीतीला धार आणली असे म्हणणे अधिक सावध ठरेल.

मुक्तीनंतर संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(अ) मधील स्वातंत्र्य आणि १९(२) मधील वाजवी निर्बंध गोव्याला लागू झाले. १८ जून १९४६ रोजी मडगावात राममनोहर लोहिया यांनी सभाबंदी मोडली. निर्बंधांची यादी वाढवणारी पहिली घटनादुरुस्ती १८ जून १९५१ ची आहे. हा निव्वळ तारखांचा योगायोग. पण १८ जूनला पाळल्या जाणाऱ्या गोव्याच्या क्रांतिदिनाच्या भाषणांत तो कोणी काढत नाही. या यादीबाहेरचे नवे निर्बंध घालता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले.

रसिकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची तरतूद बदनामीची आहे. १८८६ ची पोर्तुगीज दंडसंहिता मागे पडून भारतीय दंडसंहिता आली. तिचे कलम ४९९ आता भारतीय न्याय संहितेत ३५६ या क्रमांकाने आहे (१ जुलै २०२४ पासून). त्यातील सहावा अपवाद जणू नाट्यरसिकांसाठीच लिहिला आहे. जी कृती कर्त्याने लोकांच्या निवाड्यासाठी पुढे ठेवली, तिच्या गुणदोषांवर सद्‌भावनेने दिलेले मत बदनामी ठरत नाही. रंगमंचावर येणारा नट किंवा गायक आपली कला अशा निवाड्यासाठी ठेवतो, हेही तेथे सांगितले आहे. मात्र मत कृतीतून दिसणाऱ्या गुणदोषांपुरतेच हवे. पुस्तक वाचून ‘लेखक बुद्धीने बेताचा असावा’ म्हणणे चालते. ‘तो मुळात बदफैलीच आहे, मग पुस्तक असे असणारच’ म्हटले की संरक्षण सुटते. गायिकेचा तारसप्तक फाटला असे लिहिणारा सुरक्षित आहे. तिच्या संसाराविषयी ऐकीव गोष्ट जोडणारा नाही. नाव गाळल्याने सुटका होते हा समजही चुकीचा आहे. उपरोधाने केलेला आरोप बदनामी ठरू शकतो, असे त्याच कलमाचे स्पष्टीकरण सांगते, आणि व्यक्ती ओळखू येत असेल तर नाव असण्या-नसण्याने फारसा फरक पडत नाही. कांतारातील जुनी युक्ती सामाजिक ढाल आहे, कायदेशीर नव्हे. फौजदारी बदनामीची तरतूद घटनाबाह्य नाही, असा निर्णय १३ मे २०१६ रोजी झाला. केवळ ‘त्रासदायक’ मजकुरासाठी शिक्षा सांगणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ मात्र २४ मार्च २०१५ रोजी रद्द झाले.

गोव्यात चाहत्यांचा वाद धर्मापेक्षा भाषेवर लवकर घसरतो. महाराष्ट्रात विलीन व्हावे की नाही यावरचा १९६७ चा जनमत कौल आणि १९८७ चा राजभाषा कायदा यांची जखम अजून ओली आहे. एखाद्या नाटकाच्या उच्चारांवर सुरू झालेली कुरबुर मराठी-कोंकणी, आणि पुढे देवनागरी-रोमी लिपी अशा वळणांनी जाते. भाषेच्या आधारावर गटांत वैर पसरवणे भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली येते. नुसती कडवट टीका येत नाही. थोर व्यक्तींच्या विडंबनाबाबत वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या मराठी कवितेवरील २०१५ चा निर्णय पाहावा लागतो. ऐतिहासिक आदरणीय व्यक्तीचे नाव अश्लील संदर्भात आले तर समाजमानाची कसोटी अधिक कडकपणे लावावी, असे त्यात म्हटले आहे. ही कसोटी धूसर आहे आणि तिच्यावर टीकाही झाली आहे. नाट्यविडंबनासाठी केरळ उच्च न्यायालयाचा १९९६ चा निर्णय अधिक उपयोगी आहे. मूळ नाटकावर टीका करण्यासाठी रचलेल्या प्रतिनाटकात मूळचा मजकूर घेण्यास तेथे मुभा मिळाली.

रसिकांनी केलेल्या ध्वनिमुद्रणांचा प्रश्न येथे विशेष गुंतागुंतीचा आहे. केरीच्या गायिका केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांना ध्वनिमुद्रणाचे फारसे अप्रूप नव्हते असे सांगतात. तरी त्यांच्यासह अनेकांच्या बैठकींच्या फिती रसिकांच्या कपाटांतून हातोहात फिरल्या. प्रतिलिपी अधिकार कायदा, १९५७ मध्ये गायकाला स्वतःच्या गायनावर हक्क मूळात नव्हता. अभिनेत्याला आपल्या अभिनयावर असा हक्क नाही, असे मुंबई उच्च न्यायालयानेही १९७८ मध्ये ठरवले होते. कलम ३८ चा ‘प्रयोगकर्त्याचा हक्क’ १० मे १९९५ पासून आला. मुदत आधी २५, नंतर ५० वर्षे. मग १९९५ पूर्वीच्या बैठकीची फीत आज सर्वांसाठी खुली करता येते का? हक्क मागे जाऊन लागू होत नाही असा एक पक्ष आहे. दुसरा पक्ष मुदत प्रयोगाच्या वर्षापासून मोजून उरलेल्या वर्षांपुरते संरक्षण मानतो. कायद्याचे शब्द पहिल्या पक्षाकडे अधिक झुकतात. नीतीचा कौल तसा नाही. कलम ३९ नुसार स्वतःच्या ऐकण्यासाठी, किंवा निखळ अध्यापन व संशोधनासाठी मुद्रण केल्यास भंग होत नाही, मात्र ते सर्वत्र वाटणे त्यात बसत नाही. शिवाय पदातील शब्द, चाल आणि गायन यांचे हक्क निरनिराळे. मास्टर दीनानाथ मंगेशकर १९४२ मध्ये निवर्तले, तेव्हा त्यांच्या चालींचा हक्क २००२ अखेर संपला. जितेंद्र अभिषेकी १९९८ मध्ये गेले. त्यांच्या चाली २०५८ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. बा. भ. बोरकरांच्या कविता (मृत्यू १९८४) २०४४ अखेरपर्यंत. बोरकरांची अख्खी कविता फोटोवर छापून पहाटे सगळ्यांना धाडणाऱ्याला याची कल्पना क्वचितच असते, आणि त्याला कोणी हटकतही नाही. गायकाने नको म्हटलेली बैठक न वाटणे, खाजगी मैफलीत लागलेला बेसूर जगाला न ऐकवणे, हे संकेत जुन्या श्रोत्यांत कायद्याविना पाळले जात. कलम ३८ब मुळे गायकाच्या कीर्तीला बाधा आणणाऱ्या मोडतोडीविरुद्ध २०१२ पासून कायद्याचा आधारही आहे.

समूह चालवणाऱ्याच्या जबाबदारीबाबत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा २०२१ चा निर्णय आहे. व्हॉट्सॲप समूहाचा ॲडमिन, त्याचा स्वतःचा सहभाग नसेल तर, सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुराला जबाबदार धरता येत नाही. फुटबॉलमध्ये नियम नेमका उलट आहे. फिफाच्या शिस्तसंहितेनुसार समर्थकांच्या वर्णद्वेषी घोषणा किंवा फलक यांचा दंड संघाला, त्याची स्वतःची चूक नसतानाही, भरावा लागू शकतो.