शिकारी कुत्र्याच्या पिल्लाचे नामकरण (बेळगाव सीमाभाग)

शिकारी जातीच्या कुत्र्याच्या पिल्लाला हाकेचे नाव देण्याची रीत. या नोंदीत बेळगाव जिल्ह्यातील खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, रायबाग हे तालुके आणि त्यांना लागून असलेला बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ-जमखंडीचा परिसर विचारात घेतला आहे. या भागात मराठी व कन्नड एकाच अंगणात बोलल्या जातात, त्यामुळे कुत्र्यांची नावेही दोन्ही भाषांतून येतात. नामकरणाचा वेगळा विधी नसतो. पिल्लू घरी आले की चार दिवसांत कोणीतरी त्याला हाक मारू लागतो आणि तीच हाक रूढ होते.

भूप्रदेशानुसार शिकारी कुत्र्यांचे दोन ढोबळ प्रकार येथे पडतात. पूर्वेकडच्या उघड्या माळरानावर नजरेने सावज टिपून धावणारा, सडपातळ बांध्याचा कारवानी किंवा मुधोळ कुत्रा प्रसिद्ध आहे. त्यातील लांब केसांच्या प्रकाराला पश्मी म्हणतात. पश्चिमेकडे खानापूरच्या दाट जंगलपट्टीत वासावर चालणारी गावठी कुत्री टोळीने वापरली जात. हा फरक नावांच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. माळावर कुत्रा क्षणात दूर जातो, म्हणून नाव लांबवर पोचणारे हवे. टोळीत एकाला मारलेली हाक दुसऱ्याने आपली समजू नये, म्हणून नावे एकमेकांपासून कानाला वेगळी हवीत. काळ्या आणि बाळ्या ही नावे एकाच टोळीत ठेवणे या कारणाने गैरसोयीचे ठरते.

शिकारी कुत्र्याला स्वतंत्र नाव देण्याची प्रथा कर्नाटकात किमान दहाव्या शतकाइतकी जुनी आहे. मंड्या जिल्ह्यातील आतकूर येथील शिलालेखात (सु. ९४९-५०) गंग राजा बूतुग याने मणलेरत या आपल्या योद्ध्याला दिलेल्या ‘काळि’ नावाच्या कुत्र्याचा उल्लेख आहे. हा कुत्रा एका मोठ्या रानडुकरावर सोडला असता दोघेही झुंजीत मेले आणि कुत्र्याच्या स्मरणार्थ दगड उभारण्यात आला. हे स्थळ सीमाभागापासून बरेच दक्षिणेला आहे, परंतु राष्ट्रकूट-गंग काळातील कानडी मुलखातील शिकारीची चाल त्यावरून समजते. काळि हे नाव देवीवरून आले की अंगाच्या रंगावरून, याचा निर्णय लेखाच्या शब्दांवरून होत नाही. आजही काळ्या, करिया (कन्नडमध्ये काळा) ही रंगवाचक नावे या प्रदेशात सर्वाधिक ऐकू येतात, हे लक्षात घेता रंगवाचक अर्थ अधिक स्वाभाविक वाटतो. मात्र शूर जनावराला देवीचे नाव देणे त्या काळी अशक्य होते, असेही म्हणता येत नाही.

रंगावरून नाव देण्याची पद्धत याहून कितीतरी जुनी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यमाच्या दोन्ही कुत्र्यांना मिळून ‘शबल’, म्हणजे चितकबरे, हे विशेषण लावले आहे. अथर्ववेदात मात्र श्याम आणि शबल असे दोन वेगळे कुत्रे दिसतात. विशेषणाचे विशेषनाम कसे होते, याचे हे जुने उदाहरण होय. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या ग्रंथात (शके १०५१, इ. स. ११२९) राजाच्या करमणुकींमध्ये सारमेयविनोद, म्हणजे कुत्र्यांच्या साहाय्याने होणारा खेळ, स्वतंत्रपणे मांडला आहे. त्याच्या राज्यात आजचा सीमाभाग येत असल्याने हा पुरावा या नोंदीला सर्वांत जवळचा आहे.

वाघ्या या नावाच्या उगमाबद्दल एकमत नाही. एका मताप्रमाणे हे नाव खंडोबाच्या वाघ्या-मुरळी परंपरेतून आले. वाघ्ये स्वतःला देवाची कुत्री मानतात. कर्नाटकात खंडोबाला मैलार म्हणतात; त्या परंपरेतही देवाचे काही सेवक कुत्र्याप्रमाणे भुंकून सेवा करतात. खंडोबाच्या अनेक मूर्तींत व चित्रांत घोड्यासोबत कुत्रा असतो, आणि अथणी भागातील मंगसुळी हे या दैवताचे दोन्ही भाषकांना मान्य असलेले क्षेत्र आहे. दुसरे मत असे की, वाघासारखा निडर किंवा वाघासारख्या पट्ट्यांचा एवढाच या नावाचा अर्थ आहे. कन्नडमधील हुलिया हे कुत्र्याचे नावही हुली, म्हणजे वाघ, या शब्दापासूनच बनले असून त्याला वाघ्याच्या दैवतपरंपरेची गरज भासत नाही. म्हणून दुसरे मत मूळ नावापुरते अधिक पटते. नावाला लाभलेली प्रतिष्ठा मात्र खंडोबामुळे वाढली असावी. रायगडावरील वाघ्या कुत्र्याच्या स्मारकामुळे हे नाव महाराष्ट्रभर घरोघरी पोचले. ते स्मारक विसाव्या शतकातील आहे, आणि त्यामागच्या कथेला शिवकालीन साधनांचा आधार मिळत नाही, असे अनेक अभ्यासकांचे म्हणणे आहे.

प्रचलित नावांचे इतर गट थोडक्यात सांगता येतात. रंगावरून काळ्या, तांबड्या, लाल्या, करिया, केंचा (कन्नडमध्ये तांबूस). गुणावरून शेरू, तुफान, बिजली. लाडाने राजा, मोत्या, राणी. टायगर, जॅक, टॉमी ही नावे बहुधा इंग्रजी अमदानीत बेळगावच्या छावणीच्या वळणाने गावांत शिरली असावीत. वडीलधाऱ्यांची किंवा शेजाऱ्यांची नावे कुत्र्याला देणे अपमानकारक समजले जाते. देवांची नावेही सहसा टाळतात, कारण कुत्र्याला रागावताना देवाचे नाव तोंडी येते.

नावाच्या ध्वनिरचनेकडे जाणते पाळणारे विशेष लक्ष देतात. ग्रीक लेखक झेनोफन याच्या शिकारीवरील ग्रंथात (इ. स. पू. चौथे शतक) शिकारी कुत्र्यांना सहज हाक मारता येतील अशी आखूड नावे द्यावीत, असे सांगून सत्तेचाळीस नावे दिली आहेत. सीमाभागातील दोन अक्षरी नावे हाच नियम पाळतात. मोकळ्या रानात व्यंजने लवकर विरतात आणि स्वर पुढे जातो. म्हणून शेवटी ‘आ’ असलेले नाव सोयीचे पडते. मराठीतील ‘-या’ हा प्रत्यय आणि कन्नड नावाचा हाक मारताना दीर्घ होणारा अंत्य स्वर, दोन्ही वाटा येथेच येतात. वाघ्या या हाकेतला शेवटचा ‘या’ हवा तितका लांबवता येतो. मोत्यालाही तीच सोय आहे. ‘छू’ हा कुत्रा अंगावर सोडण्याचा आणि ‘हाड’ हा हुसकावण्याचा शब्द असल्याने, त्यांच्याशी जुळणारे नाव ठेवल्यास कुत्र्याचा गोंधळ होतो. नावाची परीक्षा घरात होत नाही. बांधाच्या या टोकाला उभे राहून वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने हाक मारली आणि ती त्या टोकाला स्पष्ट उमटली, तरच ते कामाचे.

नाव केव्हा द्यावे, हे पिल्लाच्या वाढीवर ठरते. जन्मतः पिल्लाचे डोळे व कान बंद असतात. डोळे सुमारे दोन आठवड्यांत उघडतात आणि ऐकू येण्यास तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरुवात होते. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ माणसाशी नाते जडण्याचा असतो, म्हणून पिल्लू आणल्याबरोबर नाव ठरवणे हिताचे. दूध-भाकरीचा काला किंवा आंबील पुढे ठेवताना एकदाच, स्पष्ट हाक मारावी. पिल्लाने मान वळवली की मगच भांडे खाली ठेवावे. तेच नाव घरातल्या प्रत्येकाने एकाच तऱ्हेने उच्चारणे आवश्यक आहे. रागावताना वारंवार नाव घेतल्यास कुत्रा हाकेला येण्याऐवजी दूर राहण्यास शिकतो, आणि रानात हा दोष महागात पडतो.

नोंदणीकृत कुत्र्याला दोन नावे असतात. कागदावरील नावात बहुधा पैदास करणाऱ्याचे उपपद येते, आणि हाकेचे नाव वेगळे राहते. केनेल क्लब ऑफ इंडिया ही कुत्र्यांची नोंदणी करणारी संस्था कारवानी जात ‘कॅरव्हॅन हाउंड’ म्हणून नोंदवते, तर भारतीय डाक विभागाने २००५ मध्ये काढलेल्या तिकिटावर ‘मुधोळ हाउंड’ असे नाव आहे. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी या जातीला प्रतिष्ठा दिली. त्यांनी इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांना या जातीची जोडी भेट दिल्याचे सांगतात. काही ठिकाणी त्यासाठी दिलेले १९३७ हे वर्ष ग्राह्य धरता येत नाही, कारण राजे १९३६ च्या जानेवारीतच निधन पावले होते.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मुळे सशाची किंवा रानडुकराची पारध आता गुन्हा आहे. कारवानी कुत्रे आज मळ्याच्या राखणीसाठी, शर्यतींसाठी आणि सुरक्षा दलांच्या कामासाठी पाळले जातात. राखणीच्या कुत्र्याला दूरवरून बोलावण्याची गरज कमी पडत असल्याने शहराजवळच्या घरांत लांब व नवी नावे ऐकू येऊ लागली आहेत. मळ्यात राहणाऱ्या धनगर व शेतकऱ्यांकडे आखूड नावेच टिकून आहेत. विकत घेतलेल्या मोठ्या कुत्र्याचे नाव बदलायचे असल्यास काही दिवस नवे नाव आधी व जुने नंतर, असे जोडून उच्चारतात, आणि कुत्रा पहिल्याच शब्दाला वळू लागला की जुने नाव सोडून देतात.