पाळी कमी करणं : गर्भनिरोधक गोळ्यांचा सलग वापर

गर्भनिरोधक गोळ्यांच्या पाकिटातली सात दिवसांची सुट्टी गाळून एका पाकिटामागून दुसरं पाकीट सलग घेत राहायचं, म्हणजे पाळी दर महिन्याला न येता तीन-चार महिन्यांनी येते किंवा येतच नाही, या पद्धतीला डॉक्टर एक्स्टेंडेड सायकल म्हणतात, आणि सुट्टी कधीच घेतली नाही तर कंटिन्युअस वापर. मराठीत याला रुळलेला असा एकच शब्द नाही. 'पाळी पुढे ढकलायची गोळी' म्हणून जी आपल्याकडे घरोघरी माहीत आहे ती वेगळी गोळी, तिच्याबद्दल खाली येईलच, कारण या दोघींची गल्लत फार होते आणि ती महागात पडू शकते.

आधी शरीरात काय होतं ते. नेहमीच्या गोळीत दोन हार्मोन्स असतात, इथिनिल इस्ट्रॅडिओल आणि एखादं प्रोजेस्टिन, उदाहरणार्थ लिव्होनॉरजेस्ट्रेल. यांच्यामुळे अंडाशयातून बीज बाहेर पडत नाही आणि गर्भाशयाचं अस्तरही फार वाढत नाही, पातळच राहतं. २१ गोळ्या संपल्या की हार्मोनची पातळी झपकन खाली येते, त्या पातळ अस्तराचा आधार जातो आणि रक्त जातं. म्हणजे गोळ्या चालू असताना दर महिन्याला जे येतं ती खरी पाळी नसतेच, बीज तयार होऊन फुकट गेलं म्हणून आलेलं ते रक्त नाही, औषध थांबवलं म्हणून आलेलं आहे. विथड्रॉवल ब्लीडिंग म्हणतात त्याला. हे एकदा कळलं की 'पाळी नाही आली तर घाण रक्त आत साठून राहतं' ही भीती आपोआप जाते, कारण साठायला आत काही तयारच झालेलं नसतं. (गोळ्या न घेता पाळी तीन-तीन महिने येत नसेल तर मात्र ती गोष्ट निराळी, तिथे अस्तर वाढत राहू शकतं आणि तपासून घ्यायलाच हवं.)

आता ही सात दिवसांची सुट्टी मुळात आली कुठून, यावर बराच वाद आहे. गोळीचे दोन मुख्य कर्ते म्हणजे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातले जीवशास्त्रज्ञ ग्रेगरी पिंकस आणि तिथलेच स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन रॉक. पिंकस यांचे सहकारी मिन चुए चांग यांनी प्राण्यांवरचे प्रयोग केले, पैसा श्रीमंत समाजसेविका कॅथरीन मॅकॉर्मिक यांचा आणि पाठपुरावा संततिनियमनाच्या चळवळीतल्या मार्गारेट सँगर यांचा. रॉक यांच्याकडे मूल होत नाही म्हणून बायका यायच्या. १९५० च्या दशकाच्या सुरवातीला, साधारण १९५३ च्या आधी, त्यांनी अशा ८० जणींना तीन महिने इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन सलग दिलं, कल्पना अशी की शरीराला गरोदरपणासारखा आराम मिळावा आणि औषध थांबवल्यावर गर्भ राहावा. १३ जणींना राहिलाही. पण औषध चालू असताना पाळी बंद, मळमळ, छाती जड, त्यामुळे वर्षानुवर्षं वाट बघणाऱ्या त्या बायकांना वाटायचं की दिवस गेलेत, आणि मग तसं काही नाही हे त्यांना सांगावं लागायचं. केवढा तो धक्का असेल. यावर पिंकस यांनी उपाय सुचवला की औषध मधे काही दिवस थांबवू, रक्त जाईल आणि गैरसमज टळेल. तेव्हापासून पाळीच्या पाचव्या दिवशी सुरू करून २० दिवस औषध आणि मग खंड, असा क्रम ठरला. १९५६ मध्ये प्वेर्तो रिकोत मोठ्या चाचण्या सुरू झाल्या त्या याच क्रमाने. १९५७ मध्ये एनोव्हिड ही गोळी अमेरिकेत पाळीच्या तक्रारींसाठी मंजूर झाली आणि १९६० मध्ये गर्भनिरोधक म्हणून.

दुसरं मत जरा जास्त गाजलेलं आहे. रॉक हे श्रद्धाळू कॅथलिक होते. पोप पायस बारावे यांनी १९५१ मध्ये 'सुरक्षित दिवस' पाळायला मोकळीक दिली होती, आणि रॉक म्हणायचे की गोळी म्हणजे निसर्गाचाच तो सुरक्षित काळ थोडा लांबवणं, म्हणून चर्चने ती मान्य करावी. दर महिन्याला रक्त गेलं की गोष्ट नैसर्गिक दिसते. यावरून असं मांडलं जातं की सात दिवसांची सुट्टी पोपला राजी करायला ठेवली, आणि २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये नवीन मार्गदर्शन आलं तेव्हा तिथले कुटुंबनियोजन तज्ज्ञ प्रा. जॉन गिलबॉ यांच्या हवाल्याने ही गोष्ट पुन्हा सगळीकडे फिरली. चर्चने काही मान्य केलं नाही, पोप पॉल सहावे यांनी १९६८ मध्ये गोळीला स्पष्ट नकार दिला. पण कालक्रम बघितला तर खंड आधी आला, तो मूल होत नाही म्हणून येणाऱ्या बायकांच्या दवाखान्यातून आला, आणि रॉक यांचा धार्मिक युक्तिवाद जाहीरपणे पुस्तकातून आला तो १९६३ मध्ये. त्यामुळे धर्माचं कारण हे मागाहून जोडलेलं समर्थन असावं, मूळ कारण बायकांची धास्ती घालवणं हेच जास्त पटतं. शिवाय त्या काळी घरच्या घरी गरोदरपणाची चाचणी करायची सोय नव्हती, ती अमेरिकेत आली १९७० च्या दशकाच्या शेवटी, म्हणजे महिन्याला रक्त दिसणं हाच 'राहिलेला नाही' याचा पुरावा होता. एक मात्र दोन्ही मतांत सारखं आहे, सुट्टी शरीराच्या आरोग्यासाठी लागते म्हणून ठेवली असं कोणीच म्हणत नाही.

पुढे औषधाच्या २० दिवसांचे २१ झाले, म्हणजे सात दिवसांच्या खंडानंतर सुरू करायचा वार दर वेळी तोच राहतो, आणि मग पाकिटानेच सवय पक्की केली. इलिनॉय राज्यातले डेव्हिड वॅग्नर नावाचे इंजिनिअर, चार मुलांचे वडील, आज गोळी घेतली की नाही यावरून घरात रोज घोळ व्हायचा म्हणून त्यांनी दिवस दाखवणारी गोल डबी बनवली, तिचं पेटंट त्यांना १९६४ मध्ये मिळालं. तेव्हापासून २८ दिवसांचा महिना गोळीच्या पाकिटावर छापलेला आहे तो आजतागायत.

पाळी मुद्दाम कमी करून बघण्याचा पहिला नावाजलेला प्रयोग एडिंबराचा, नॅन्सी लाउडन आणि सहकाऱ्यांचा, १९७७ मध्ये छापून आलेला. १९६ जणींनी ८४ दिवस सलग गोळ्या घेऊन मग सुट्टी घेतली, वर्षाला पाळ्या चार, आणि बहुतेकींना ते आवडलं. पुढची पंचवीस वर्षं कंपन्यांनी तसं पाकीट काही काढलं नाही, डॉक्टर आपापल्या पातळीवर सांगत राहिले. २००३ मध्ये अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने सीझनेल मंजूर केली, ८४ गोळ्या औषधाच्या आणि ७ बिनऔषधाच्या, २००६ मध्ये तिचीच सुधारलेली बहीण सीझनिक, आणि २००७ मध्ये लायब्रेल, वर्षभर रोज, सुट्टीच नाही.

याच काळात 'पाळी गरजेची आहे का' हा मोठा वाद पेटला. ब्राझीलचे डॉ. एल्सिमार कुटिन्हो यांचं म्हणणं होतं की दरमहा रक्त जाणं निरुपयोगी आहे. मानववंशशास्त्रज्ञ बेव्हर्ली स्ट्रासमन यांनी आफ्रिकेतल्या मालीमध्ये डोगॉन लोकांत राहून अभ्यास केला, तिथे बाळंतपणं आणि अंगावर पाजणं यांमुळे एका बाईला आयुष्यभरात साधारण १०० पाळ्या येतात, आणि शहरी आधुनिक बाईला ३५० ते ४००. म्हणजे दर महिन्याला पाळी हीच मुळात नवी गोष्ट. विरोधकांचं म्हणणं असं की पाळीला आजार ठरवून औषध विकायचा हा मार्ग आहे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, पण डोगॉन बाईच्या कमी पाळ्यांमागे बाळंतपणांची रांग आहे हे पहिल्या बाजूचे लोक पटकन विसरतात, आणि दर महिन्याला दोन दिवस वेदनेने अंथरुणाला खिळणारी बाई दुसऱ्या बाजूला दिसत नाही.

पुरावा काय म्हणतो? कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०१४ च्या आढाव्यात १२ चाचण्या एकत्र पाहिल्या, त्यात सलग आणि सुट्टीवाली पद्धत गर्भ टाळण्यात आणि सुरक्षिततेत सारखीच निघाली, आणि डोकेदुखी, थकवा, पोट फुगणं, पाळीचं दुखणं हे सलगमध्ये कमी दिसलं. ब्रिटनच्या लैंगिक व प्रजनन आरोग्याच्या फॅकल्टीने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं की सात दिवसांच्या सुट्टीचा आरोग्याला काही फायदा नाही. उलट सुट्टीत अंडाशय पुन्हा जागं व्हायला लागतं, आणि नवीन पाकीट सुरू करायला एक-दोन दिवस उशीर झाला तर गर्भ राहायचा धोका वाढतो. एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं), फार अंगावर जाणं, पाळीच्या दिवसांतली डोकेदुखी यांत ही पद्धत मुद्दाम दिली जाते.

तक्रार एकच मोठी, मधेच डाग पडणं किंवा थोडं रक्त जाणं, स्पॉटिंग. पहिल्या काही महिन्यांत ते जास्त असतं, नंतर कमी होत जातं. निदान २१ गोळ्या सलग झाल्या असतील आणि डाग थांबतच नसतील तर चार दिवस गोळी थांबवून पुन्हा सुरू करायची असा तोडगा दिला जातो. पुष्कळ जणी नेमक्या याच टप्प्यावर घाबरून सोडून देतात, कोणी आधी सांगितलेलंच नसतं म्हणून.

आपल्या भागाचा या इतिहासाशी संबंध वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं ते १९२१ मध्ये, गोळीच्या तब्बल चार दशकं आधी. सँगर १९३५ च्या डिसेंबरात वर्ध्याला येऊन गांधीजींशी याच विषयावर बोलल्या, एकमत झालं नाही, आणि १९५२ मध्ये मुंबईच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय कुटुंबनियोजन महासंघ स्थापन झाला. सरकारी मोफत माला-एन आणि स्वस्तातली माला-डी यांत लिव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलीग्रॅम आणि इथिनिल इस्ट्रॅडिओल ०.०३ मिलीग्रॅम असतं. सीझनेलमध्येही अगदी हेच, एवढंच. म्हणजे अमेरिकेत नवीन शोध म्हणून जे विकलं गेलं ते औषध आपल्या आरोग्य उपकेंद्रात आधीपासून होतं, फक्त पाकिटाचा हिशोब वेगळा. मालाच्या पाकिटातल्या शेवटच्या सात वेगळ्या रंगाच्या गोळ्या लोहाच्या असतात, सलग घ्यायचं तर त्या बाजूला ठेवून नवीन पाकीट सुरू करतात, पण देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आहे (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९-२१), तेव्हा लोह वेगळं चालू ठेवणंच बरं. याच पाहणीत गोळ्या वापरणाऱ्या विवाहित बायका जेमतेम ५ टक्के, आणि ऑपरेशन केलेल्या ३८ टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे पाळी कमी करायला गोळ्या घेणं आपल्याकडे अजून फार पसरलेलं नाही. छाया (पूर्वीची सहेली) ही लखनौच्या संस्थेत शोधलेली बिनहार्मोनची गोळी, तिने पाळी लांबते पण तो तिचा उद्देश नाही. अंतरा या गर्भनिरोधक इंजेक्शनने वर्षभरात अनेकींची पाळी बंद होते.

आता ती पुढे ढकलायची गोळी. हिच्यात नॉरएथिस्टेरॉन असतं, १९५१ मध्ये मेक्सिको सिटीत लुईस मिरामोंतेस यांनी कार्ल जेरासी यांच्या हाताखाली बनवलेलं. पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधीपासून ५ मिलीग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. गौरी-गणपती, सत्यनारायण, वास्तुशांती, घरचं लग्न, वारी, या वेळी 'अडचण नको' म्हणून मेडिकलमधून परस्पर आणली जाते. भाद्रपदात चतुर्थीला गणपती बसतो आणि दुसऱ्याच दिवशी ऋषिपंचमी, जी पाळीतल्या विटाळाचा दोष फेडायला म्हणून धरली जाते, तेव्हा त्या आठवड्यात घरातल्या सुनेवर काय दडपण असतं हे कोणाला सांगायला नको. पण लक्षात ठेवायचं ते हे, की अशी घेतलेली ही गोळी गर्भ रोखते असं धरायचं नाही, आणि यातलं थोडं औषध शरीरात इथिनिल इस्ट्रॅडिओलमध्ये बदलतं, म्हणून रक्ताची गुठळी होण्याचा धोका असलेल्या बाईने ती विचारल्याशिवाय घेऊच नये. विटाळ मानायचा की नाही हे ज्याच्या त्याच्या घरचं, पण सासूने आणून दिलेली गोळी आणि आपण होऊन घेतलेली गोळी यांत फरक आहे.

दोन हार्मोनची गोळी सलग असो वा सुट्टीची, काही जणींनी टाळायचीच असते: पस्तिशीनंतर सिगारेट ओढणाऱ्या, डोळ्यांपुढे चकाकी येऊन अर्धशिशी होणाऱ्या, वाढलेलं बीपी, आधी कधी गुठळी, स्तनाचा कॅन्सर, यकृताचा मोठा आजार, नुकतंच बाळंतपण. टीबीच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन आणि फिट्सची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही औषधं गोळीचा परिणाम घालवतात, आपल्याकडे टीबी किती आहे ते बघता हे प्रत्येक वेळी विचारलं गेलं पाहिजे.

पाळीपासून सुटका हवी असणाऱ्या बायकांना आपल्याकडे गोळीऐवजी काय मिळालं याची दोन उदाहरणं नोंदवायलाच हवीत. १९९४ मध्ये पुण्यात मतिमंद मुलींची गर्भाशयं काढली गेली, पाळीची स्वच्छता जमत नाही म्हणून, आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचा प्रश्न विधिमंडळात आला, खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, उचल फेडायची असते, फडावर ना पाणी ना आडोसा. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पाहणी केली तेव्हा १३ हजारांपेक्षा जास्त बायकांची पिशवी काढलेली आढळली, त्यातल्या कितीतरी तरुण. यांतल्या कितीजणींना गोळीने किंवा गर्भाशयात बसवायच्या हार्मोनच्या कॉपर-टीसारख्या साधनाने भागलं असतं हा प्रश्न फार कमी ठिकाणी विचारला गेला, आणि फडावर आडोसा, पाणी, पगारी सुट्टी मिळाली असती तर कितीजणींना काहीच लागलं नसतं, हाही.

पिशवी काढल्यावर परत काही येत नाही, गोळीचं तसं नसतं. लायब्रेलच्या अभ्यासात गोळी थांबवल्यावर ९० दिवसांच्या आत सुमारे ९९ टक्के बायकांना पाळी परत आली किंवा दिवस राहिले. सलग घेत असताना मधे शंका आलीच, एखादी गोळी विसरली, उलट्या झाल्या, तर पाळीची वाट बघण्यात अर्थ नसतो, मेडिकलमधून किट आणून लघवीची चाचणी करायची.