सोल्डर धरत नाही: उष्णता कमी पडली की पॅड मळका?

सोल्डर धरत नाही म्हटलं की पहिला हात सोल्डरिंग आयर्नच्या तापमानाच्या नॉबकडे जातो. पण न धरण्याची कारणं दोन असतात, आणि त्यातल्या एकाच कारणावर नॉब चालतो. पॅड (बोर्डवरचा तांब्याचा ठिपका) किंवा पिन (पार्टचा पाय) पुरेशी तापलीच नसेल, तर तो कोल्ड जॉइंट. दोन्ही तापले आहेत, पण वर ऑक्साइडचा किंवा बोटांच्या तेलाचा थर आहे, तर सोल्डर वितळूनही धातूवर पसरत नाही. अशा वेळी तापमान वाढवलं की फ्लक्स (धातूवरचा ऑक्साइड काढणारा पदार्थ) जळतो, तांबं आणखी काळवंडतं आणि शेवटी पॅडच उचलून येतो. झिरो पीसीबीवर (छिद्रांच्या तयार बोर्डवर) तर फारच लवकर.

रंगावरून ठरवू नका. 63/37 सोल्डरचा (63% कथील, 37% शिसं) चांगला जॉइंट चकाकतो, लेड-फ्रीचा (बिनशिशाच्या सोल्डरचा) चांगला असूनही मंद दिसतो. भिंगाखाली कड बघा. नीट धरलेलं सोल्डर पॅडच्या काठाकडे पातळ होत जातं. मळक्या पॅडवर ते अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखं गोळा होतं, कड आतल्या बाजूला वळते आणि शेजारी उघडं तपकिरी तांबं दिसतं. कोल्ड जॉइंट खडबडीत, ढेकळासारखा असतो. पिनेभोवती बारीक रेघ दिसते आणि चिमट्याने ढकललं तर पिन हलते.

तरी शंका राहिलीच तर असं करा. बिट (आयर्नचं तापणारं टोक) ओल्या स्पंजावर पुसून त्यावर ताजं सोल्डर चढवा. बिटच काळं असेल तर उष्णता पुढे जातच नाही, मग बाकी तपासणीला अर्थ नाही. (कानस मात्र लावू नका, वरचा लोखंडाचा मुलामा जातो.) जॉइंटवर थोडा रोझिन फ्लक्स, 63/37 साठी 330 ते 350 अंश, आणि बिट पॅड व पिन दोन्हींना टेकवून 2-3 सेकंद. पसरलं तर काम झालं. हलका ऑक्साइड असेल तर तोही यात निघतो. गोळा तसाच राहिला तर तापवत बसू नका. डिसोल्डर विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या विणलेल्या पट्टीने) सोल्डर काढा, बोर्ड थंड होऊ द्या, पॅड खोडरबराने आणि पिन ब्लेडने चकचकीत करा, आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसा. मग दोन्हींवर वेगवेगळं पातळ सोल्डर चढवून त्यानंतरच जोडा.

कोल्ड जॉइंट बहुतेक ग्राउंडच्या पिनेवर सापडतो, कारण तिथलं मोठं तांबं उष्णता ओढून घेतं. तिथे 25 वॅटच्या आयर्नचं टोकदार बिट कमी पडतं. चपटं बिट लावा. 60/40 वापरत असाल तर आणखी एक: ते 183 ते 190 अंशांमध्ये लापशीसारखं असतं, तेवढ्यात पिन हलली तर जॉइंट बिघडतो. 63/37 थेट 183 ला गोठतं.

मळक्या पॅडचा त्रास मुंबईत पावसाळ्यात जास्त. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेला उघड्या तांब्याचा बोर्ड ड्रॉवरमध्ये पडून राहिला की तपकिरी होतो. झिप पिशवीत सिलिका जेलसोबत ठेवा. अशा पॅडवर पत्र्याच्या कामाचं ॲसिड लावलं की सोल्डर लगेच धरतं, म्हणून मोह होतो. पण त्यातलं झिंक क्लोराइड बोर्डवर उरतं, दमट हवेत ओल धरतं आणि पुढे ट्रॅकच खातं.