क्लिकर, टार्गेट स्टिक आणि खाऊचा वाद: पार्श्वभूमी

नागपुरात घरी येऊन कुत्रं शिकवणारा जुन्या पठडीतला ट्रेनर आणि हल्लीचा क्लिकरवाला यांचं पहिलं वाजतं ते खाऊवरून. क्लिकर म्हणजे दाबली की टिक वाजणारी छोटी डबी; कुत्र्याने बरोबर काम केलं त्या क्षणी ती वाजवायची आणि मग खाऊ द्यायचा. जुन्याचं म्हणणं, खाऊ दाखवून करून घेतलेलं काम ही लाच झाली; कुत्र्याने मालकाच्या शब्दाखातर बसायला हवं. नव्याचं म्हणणं, फुकट कोण राबतं? धरमपेठेतल्या एखाद्या गच्चीवर रंगणाऱ्या या भांडणाची मुळं शंभरेक वर्षं मागे जातात. त्यातली सुरुवातीची वर्षं झटपट उरकतो, कारण खरी गुंतागुंत नंतरची आहे.

१९१० साली जर्मनीत पोलिसांच्या कुत्र्यांसाठी एक पुस्तिका निघाली. गळ्यातल्या पट्ट्याला झटका, मग हुकूम पाळला की शाबासकी, हा तिचा गाभा. दोन महायुद्धांत ही पद्धत सैन्यांतून फिरली आणि निवृत्त प्रशिक्षकांबरोबर गावात उतरली. आपल्याकडेही सैन्य आणि पोलिसांची शिस्त हीच खाजगी ट्रेनरांची शाळा ठरली. ‘सिट’, ‘स्टे’, ‘हील’ हे हुकूम आणि हातातली चोक चेन, म्हणजे ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी, त्याच कुळातली.

दुसरा प्रवाह कुत्र्यांचा नव्हताच, तो कबुतरांचा. १९४३ च्या सुमारास मिनियापोलिसमधल्या एका पिठाच्या गिरणीत एक मानसशास्त्रज्ञ युद्धकामासाठी कबुतरांना बॉम्ब निशाण्यावर नेण्याचं शिक्षण देत होता. बॉम्बवर कबुतरं कधी बसली नाहीत, पण दाणा नेमक्या क्षणी टाकला तर पक्षी हव्या त्या हालचालीकडे पायरीपायरीने नेता येतो, हे तिथे हाताने करून बघता आलं. त्याच्या हाताखालच्या एका जोडप्याने विद्यापीठ सोडून यावर धंदाच उभा केला. कोंबड्या, डुकरं, ससे शिकवून ते जाहिरातींसाठी पुरवू लागले. अडचण एकच होती. कोंबडीने बरोबर जागी चोच मारली आणि दाणा दोन सेकंद उशिरा पडला, तर तोवर ती दुसरंच काहीतरी करत असते. त्यामुळे कृती आणि दाणा यांना जोडणारा, क्षणात वाजणारा आवाज लागला. १९५१ मध्ये त्याच मानसशास्त्रज्ञाने एका लोकप्रिय विज्ञान मासिकात लेख लिहून घरच्या कुत्र्यासाठी सोपं साधन सुचवलं: दाबलं की टिक-टिक करणारं मुलांचं पत्र्याचं खेळणं. आपल्या जत्रेत मिळायचा त्या पत्र्याच्या बेडकाचाच भाऊ.

म्हणजे सगळं साहित्य १९५१ साली तयार होतं. तरी कुत्रेवाल्यांनी चाळीस वर्षं त्याकडे ढुंकून पाहिलं नाही. खिशात खाऊ ठेवणं कमीपणाचं वाटत होतं, आणि झटक्याने काम भागत होतं. मधल्या काळात हे तंत्र जगलं ते समुद्रात. डॉल्फिनच्या गळ्यात पट्टा घालता येत नाही, रागावलात तर तो पोहून निघून जातो. त्यामुळे १९६० च्या दशकात हवाई बेटांसारख्या ठिकाणी शिट्टी आणि मासा यावरच सगळं चाललं. टार्गेट, म्हणजे प्राण्याने शिवायची खूण, हेही तिथेच भरभराटीला आलं. लांब काठीच्या टोकाला गोळा, डॉल्फिनने त्याला चोचीने शिवायचं, मग गोळा वर-वर नेत उडी शिकवायची. पुढे प्राणिसंग्रहालयांनी हेच उचललं. वाघाला भूल न देता इंजेक्शन टोचता येतं ते तो गजापाशी येऊन टार्गेटजवळ थांबायला शिकलेला असतो म्हणून. १९९२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका परिषदेत डॉल्फिनवाले, वर्तनशास्त्रज्ञ आणि कुत्रे शिकवणारे एका व्यासपीठावर आले, आणि तिथून प्लॅस्टिकची क्लिकर-डबी कुत्र्यांच्या जगात सुसाट पसरली.

आता वाद. प्रत्येक क्लिकनंतर खाऊ द्यायचाच का?

डॉल्फिनवाल्यांत अनेकजण प्रत्येक शिट्टीला मासा देत नसत. कुत्र्यांच्या क्लिकरवाल्यांनी मात्र नियम कडक केला: क्लिक झाला की खाऊ, चुकून वाजला तरी खाऊ. विरोधकांनी लगेच कबुतरांचेच प्रयोग पुढे केले. अधूनमधून, अंदाज न येईल असं बक्षीस मिळालं तर सवय जास्त चिवट होते, हे १९५० च्या दशकातच दिसलं होतं. मग दर क्लिकला खाऊ कशाला?

युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ आहे. अधूनमधून मिळायचं असतं ते कृतीला, क्लिकला नव्हे. कुत्रं तीनदा नीट बसलं आणि तिसऱ्यालाच क्लिक केला, तर बसण्याला बक्षीस विरळ झालं. क्लिकचा शब्द मात्र पाळला गेला. तिन्ही वेळा क्लिक करून एकदाच खाऊ दिला, तर विरळ झाला तो क्लिकवरचा विश्वास. हॉटेलात काउंटरवर पैसे भरून कूपन घेतलं आणि दहातल्या चार वेळा ते दाखवूनही पोह्याची प्लेट आली नाही, तर गिऱ्हाईक चिवट होत नाही, दुसऱ्या गाडीवर जातं.

यावर प्रयोगही झाले. २०२१ मध्ये व्हिएन्नातल्या एका अभ्यासात काही कुत्र्यांना दर क्लिकला खाऊ मिळाला, काहींना साधारण ६० टक्के वेळा. दुसरा गट लवकर शिकला नाही. उलट पुढच्या चाचणीत, खाऊ असेल की नाही याचा अंदाज न येणाऱ्या जागी ठेवलेल्या वाडग्याकडे जाताना तो जास्त निराशावादी वागला. माझ्या मते वाद इथेच मिटायला हवा होता, मिटलेला नाही. आणि क्लिकरवाल्यांनीही फार फुशारकी मारू नये. २०१६ मधल्या एका तुलनेत क्लिकर, तोंडी शाबासकी आणि नुसता खाऊ या तिन्ही गटांतले कुत्रे सारखेच शिकले. २००८ च्या एका प्रयोगात क्लिकरने शिकण्याचा वेळ वाचला नाही, मात्र खाऊ बंद झाल्यावर शिकलेलं जास्त काळ टिकलं. डबीत जादू नाही. वेळ अचूक पकडणारा हात नसेल तर ती नुसती टिकटिक.

टार्गेट स्टिकबद्दल, म्हणजे कुत्र्याने नाकाने शिवायच्या उघडमिट काठीबद्दल, एवढं भांडण नाही, पण आपल्या शहरात तिची अडचण वेगळी. परदेशी व्हिडिओत लॅब्राडॉर काठी उघडताच शेपटी हलवत येतो. इथे रस्त्यावरून घरी आणलेल्या इंडीसमोर, म्हणजे आपल्या देशी कुत्र्यासमोर, ती अँटेनासारखी दांडी ‘खट्’ करून लांब करा: कान मागे, शेपटी पोटाखाली, आणि सोफ्यामागे पसार. काठी कशासाठी असते हे वस्तीतल्या वॉचमनने त्याला आधीच शिकवलेलं असतं. त्यामुळे इथले अनुभवी लोक सुरुवात काठीने करतच नाहीत. आधी तळवा, नाक टेकलं की क्लिक. मग हातात लाकडी चमचा. काठी येते ती मिटलेली, जमिनीवर पडलेली, आणि तिच्याकडे नुसतं पाहिलं तरी क्लिक. हवेत ती उचलली जाते ते सगळ्यात शेवटी, तीही कुत्र्याच्या डोक्याच्या खालच्या पातळीला. एवढं जमलं की ढकलाढकली न करता वजनकाट्यावर चढवणं, गाडीत बसवणं, जागेवर गोल फिरवणं सोपं. नंतर काठी आखूड करत न्यायची आणि शेवटी हाताची खूण उरवायची. काठी कायमची राहिली तर कुत्रं काठी असेल तेव्हाच ऐकतं, आणि जुना ट्रेनर ‘बघा, म्हटलं नव्हतं!’ म्हणायला मोकळा.

असे कुत्रे घरात आणण्याचा प्रश्न नागपुरात कोर्टापर्यंत गेलेला आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठाने सांगितलं की भटक्या कुत्र्यांना सार्वजनिक जागी खाऊ घालू नका. घालायचंच असेल तर दत्तक घ्या, घरी न्या, पालिकेत नोंद करा. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. २०२३ च्या केंद्रीय नियमांनी खाऊ घालण्याच्या जागा ठरवण्याचं काम वसाहतींवर टाकलं, आणि अनेक सोसायट्यांच्या बैठकी तेव्हापासून याच विषयावर अडतात. त्या भांडणात क्लिकरचं नावही कुणी घेत नाही. पण दत्तक घ्या म्हणणं सोपं. चार वर्षं रस्त्यावर काढलेलं कुत्रं दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणल्यावर लिफ्टमध्ये कसं शिरवायचं, हे कुठल्याच आदेशात नाही. तिथे चोक चेन वापरली तर ते चावण्याचीच शक्यता जास्त. त्यामुळे खाऊचा खर्च मान्य नसलेली माणसंसुद्धा हल्ली उकडलेल्या कलेजीचे तुकडे डब्यात भरून पहाटे साडेपाचला खाली उतरतात. मे महिन्यात तर नंतर उतरून उपयोगच नसतो. पारा ४५ ला टेकला की फरशी तापते, कलेजी खराब होते आणि कुत्रं सावलीतून हलत नाही.